मुलांना घेऊन युरोपात गाडीने आणि तंबूने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, नेदरलँड्स किंवा आजूबाजूच्या देशांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि सुटीत त्यांच्याकडे येणारे नातेवाईक आम्हाला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. आम्ही म्युनिकजवळ राहतो आणि मुले लहान असल्यापासून दर उन्हाळ्यात तंबू घेऊन निघतो. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून एकच मार्ग उदाहरणादाखल घेतला आहे : म्युनिक, स्लोव्हेनियातील ब्लेड, क्रोएशियातील इस्त्रिया, व्हेनिसजवळचे काव्हालिनो, इटलीतील गार्डा सरोवर आणि ब्रेनर खिंडीतून परत म्युनिक. हे सगळे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर भरते.

युरोपातील कॅम्पिंग म्हणजे नेमके काय? लहान मुलांना तेथे ठेवणे सुरक्षित असते का?

आपल्याकडे कॅम्पिंग म्हटले की जंगल किंवा किल्ल्याचा पायथा डोळ्यांसमोर येतो. युरोपातील कौटुंबिक कॅम्पसाइट हे त्याहून फार वेगळे, एखाद्या नीट आखलेल्या वसाहतीसारखे ठिकाण असते. प्रवेशद्वारावर कार्यालय आणि अडसर असतो, प्रत्येक कुटुंबाला क्रमांक घातलेली जागा मिळते, त्या जागेजवळ विजेचा खांब असतो आणि चालत दोन-तीन मिनिटांवर स्वच्छतागृह, गरम पाण्याच्या न्हाणीघरांची रांग, भांडी घासण्याची जागा व कपडे धुण्याचे यंत्र असते. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांसाठी कमी उंचीची बेसिने आणि तान्ह्या बाळांना अंघोळ घालण्याची वेगळी खोली असते. गाड्यांना आत माणसाच्या चालीइतक्या वेगाचीच परवानगी असते, त्यामुळे मुले सायकलवर मोकळी फिरू शकतात. आपल्या लहानपणच्या चाळीच्या अंगणात जसे होते तसेच येथे होते : तासाभरात मुलांचा घोळका जमतो आणि कोण कोणती भाषा बोलतो याची कोणालाही फिकीर नसते. आमच्या मुलीची पहिली डच मैत्रीण तिला अशीच पाण्याच्या नळाजवळ भेटली.

मुले किती मोठी झाल्यावर निघावे?

याला ठरावीक वय नाही. तान्हे बाळ चालत नाही, त्यामुळे ते एका अर्थाने सोपे असते. दीड ते तीन वर्षांचे मूल मात्र तंबूच्या दोऱ्यांना अडखळते, खडे तोंडात घालते आणि सरोवराच्या काठी क्षणभरही नजरेआड करता येत नाही. त्या वयात पाण्यापासून दूरची जागा घ्यावी आणि दोन मोठ्या माणसांपैकी एकाकडे फक्त मुलाचेच काम द्यावे. चार वर्षांनंतर प्रवास खऱ्या अर्थाने रंगतो, कारण मूल तंबूच्या खुंट्या मोजून देते, पाणी आणते आणि आपले घर आपण उभे केले याचा त्याला अभिमान वाटतो.

पंधरा दिवसांत किती देश आणि किती ठिकाणे करावीत?

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त चुका याच प्रश्नाच्या उत्तरात होतात, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो. भारतातून निघणाऱ्या सहलींनी आपल्याला दहा दिवसांत सात देश पाहण्याची सवय लावली आहे. त्या सहलीत मुलाला सामान उचलायचे नसते, अंथरूण घालायचे नसते आणि स्वयंपाकाची वाट पाहायची नसते. तंबूच्या प्रवासात मुक्काम हलवणे म्हणजे सकाळी दोन तास आवराआवर, मग गाडीचा प्रवास, मग नव्या ठिकाणी पुन्हा दोन तास मांडामांड. असा दिवस मुलाच्या दृष्टीने वायाच जातो. पहिल्या वर्षी आम्ही नऊ दिवसांत सहा मुक्काम ठरवले होते. सहाव्या दिवशी पाच वर्षांच्या मुलीने गाडीतून उतरायलाच नकार दिला, कारण आदल्या मुक्कामी जमलेला खेळ अर्धवट टाकून तिला तिसऱ्यांदा निघावे लागले होते. तिचे म्हणणे योग्य होते.

तेव्हापासून आम्ही एका मुक्कामी किमान चार रात्री राहतो. वर सांगितलेल्या मार्गावर पंधरा दिवस असतील तर ब्लेडला चार, इस्त्रियात चार किंवा पाच आणि काव्हालिनोला चार रात्री ठेवाव्यात, आणि गार्डा सरोवर परतीच्या वाटेवर दोन रात्रींचा विसावा म्हणून धरावे. दहाच दिवस असतील तर इस्त्रिया आणि गार्डा दोन्ही सोडून द्यावीत आणि काव्हालिनोहून परतीचा प्रवास मध्ये एक रात्र थांबून करावा.

प्रत्येक मुक्कामी मुलांजोगते काय आहे, ते आधी पाहावे. ब्लेडच्या सरोवराला पायी फेरी मारली तर सुमारे सहा किलोमीटर होतात, आणि पाच वर्षांचे मूल आईस्क्रीमच्या एका थांब्यासह ते अंतर सहज चालते. बेटावरच्या देवळाच्या ९९ पायऱ्या मुले मोजतच चढतात. जवळच्या विंटगार घळीत नदीच्या अगदी वरून लाकडी फळ्यांची वाट जाते. ब्लेडहून इस्त्रियाकडे जाताना वाटेतच पोस्तोयना गुहा लागते, जिच्यात आत जाण्यासाठी चिमुकली आगगाडी आहे. गुहेत बाराही महिने सुमारे दहा अंश तापमान असते, त्यामुळे ऑगस्टच्या उन्हातही मुलांचे स्वेटर हाताशी ठेवावेत. इस्त्रियाचा किनारा बहुतांशी खडकाळ असून पाणी अतिशय नितळ आहे. काव्हालिनोला मात्र मऊ वाळू आणि दूरवर उथळ समुद्र आहे, म्हणून अगदी लहान मुलांसाठी आम्ही तेच सुचवतो. तेथील पुंता साब्बिओनी या धक्क्यावरून बोटीने थेट व्हेनिसला जाता येते, गाडी न्यावी लागत नाही. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. १४ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही, मोठ्यांनी मात्र आधी तपासून ते ऑनलाइन भरावे.

एका दिवसात गाडी किती चालवावी?

मुले बरोबर असतील तर प्रत्यक्ष गाडी चालण्याचे तास पाचाच्या आत ठेवावेत आणि दर दीड-दोन तासांनी पंधरा ते वीस मिनिटे थांबावे. अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नये. म्युनिक ते ब्लेड हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटरच आहे, पण वाटेत टाउअर्न आणि कारावांकेन हे दोन बोगदे आहेत. त्यांपैकी कारावांकेन जवळजवळ आठ किलोमीटर लांबीचा असून ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया यांना जोडतो. जुलै-ऑगस्टमधील शनिवारी या दोन्ही बोगद्यांपूर्वी तासन्‌तास रांग लागते. शक्य असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी निघावे, आणि शनिवार टाळणे अशक्यच असेल तर पहाटे चारला मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवावे.

आल्प्सच्या वळणांवर अनेक मुलांना गाडी लागते. निघण्यापूर्वी कोरडी पोळी किंवा टोस्ट असे हलके काही द्यावे, दूध टाळावे, गाडीत मोबाइल किंवा पुस्तक देऊ नये आणि कपड्यांचा एक जोड व पिशव्या डिकीत न ठेवता सीटखाली ठेवाव्यात.

कोणता महिना चांगला?

ज्यांची मुले महाराष्ट्रातील शाळेत आहेत त्यांना मे आणि जूनचा पूर्वार्ध सोयीचा. हा काळ कॅम्पसाइटसाठी कमी गर्दीचा असल्याने दर उतरलेले असतात. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे थंडी : मे महिन्यात ब्लेडसारख्या डोंगराळ ठिकाणी रात्रीचे तापमान दहा अंशांच्या बरेच खाली जाऊ शकते, आणि समुद्रही अजून गार असतो. दुसरी म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुटी : बव्हेरिया आणि बाडेन-व्यूर्टेम्बर्ग या जर्मन राज्यांत या सुमारास शाळांना दोन आठवडे सुटी असते आणि तेवढ्या दिवसांत गार्डा व इस्त्रिया अचानक भरून जातात. ही सुटी ईस्टरच्या हिशेबाने दरवर्षी सरकते, त्यामुळे तारखा आधी पाहाव्यात.

जर्मनीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे की स्वस्त विमान किंवा मोकळा रस्ता मिळावा म्हणून सुटीच्या आधी दोन दिवस मुलांना शाळेतून काढणे हा तेथे नियमभंग असून त्यासाठी दंड होऊ शकतो. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास सारा देशच सुटीवर असतो, तो आठवडा टाळावा. आमच्या मते बव्हेरियातील शाळांना सप्टेंबरचा जो पहिला आठवडा सुटीचा मिळतो तो सर्वोत्तम, कारण समुद्र अजून उबदार असतो आणि इतर बहुतेक राज्यांच्या शाळा सुरू झालेल्या असतात.

व्हिसा आणि कागदपत्रे कोणती लागतात?

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुसंख्य देशांत चालणारा एकच सामाईक व्हिसा, लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावा, आणि रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून मोठ्यांचे शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांचे ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवासविमा आवश्यक असतो. तंबूचा मुक्काम असला तरी अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावाच लागतो, म्हणून कॅम्पसाइटचे आरक्षण आधी करून त्याच्या पत्रावर मुलांसह सर्वांची नावे घालून घ्यावीत. मूल फक्त आई किंवा फक्त वडिलांबरोबर येत असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र आणि जन्मदाखला बरोबर ठेवावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नोंदणीची नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यात मोठ्यांच्या बोटांचे ठसे घेतात, १२ वर्षांखालील मुलांचे घेत नाहीत.

युरोपात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनी पासपोर्ट आणि निवासपरवाना दोन्ही बरोबर ठेवावेत. लहान मुलांच्या भारतीय पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते आणि ती उलटल्याचे निघण्याच्या आठवड्यात लक्षात आलेली किमान तीन कुटुंबे आमच्या माहितीची आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवसापासून तेथे युरो चालतो. तरीही अलीकडच्या वर्षांत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया यांनी आपापल्या सीमांवर तपासणी ठेवली आहे, त्यामुळे कागदपत्रे डिकीच्या तळाशी ठेवू नयेत.

कोणी इस्त्रियावरून पुढे दक्षिणेला दुब्रोव्हनिकपर्यंत जाणार असेल तर त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. पूर्वी ती वाट नेउम येथे बोस्नियातून जात असे, म्हणजे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असणाऱ्यांची अडचण होई. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाला आणि आता क्रोएशियाबाहेर न पडता जाता येते. नकाशाचे ॲप जवळची म्हणून जुनी वाट दाखवू शकते, तेव्हा लक्ष ठेवावे.

भारतातील परवान्यावर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून आलेल्यांना येते, पण मूळ परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट न्यावे. ऑस्ट्रिया आणि इटलीत त्याची खास गरज पडते. या परमिटची मुदत एक वर्षाची असते आणि मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला काही अर्थ उरत नाही. जर्मनीत स्थायिक होणाऱ्यांना भारतीय परवाना पहिले सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना घ्यावा लागतो.

भाड्याची गाडी घेताना ती कोणकोणत्या देशांत न्यायची आहे ते सांगून लेखी परवानगी घ्यावी. अनामत रकमेसाठी मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते, डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारले जाते. चार माणसे आणि तंबू असेल तर स्टेशन वॅगन घ्यावी, कारण मध्यम आकाराच्या साध्या गाडीत चाइल्ड सीट लावल्यावर सामानाला जागाच उरत नाही.

रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय एका दिवसात होते, पण चूक होण्याचे क्षण ठरलेले असतात : पेट्रोल पंपातून किंवा रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना हात आपोआप डावीकडे वळतो. त्या वेळी शेजारी बसलेल्या व्यक्तीने दर वेळी मोठ्याने "उजवीकडून" म्हणावे. आमच्याकडे हे काम मुलांनी घेतले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात महामार्गावर वाहतूक थांबू लागली की रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवावी लागते. डाव्या लेनमधील गाड्या डाव्या कडेला आणि बाकी सर्व उजवीकडे सरकतात, आणि हे रुग्णवाहिका दिसल्यावर नव्हे तर वेग मंदावताच करायचे असते.

चाइल्ड सीटचे नियम काय आहेत?

देशागणिक फरक आहे. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य सीट लागते, इटलीत १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत, तर ऑस्ट्रियात १४ वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना. चार देशांतून जायचे असेल तर सर्वांत कडक नियम सगळीकडे पाळावा, म्हणजे प्रत्येक सीमेवर विचार करावा लागत नाही. सीटवर युरोपीय मान्यतेचे, वर्तुळात ई हे रोमन अक्षर असलेले लेबल हवे. भारतातून आणलेल्या सीटवर ते आहे का ते निघण्यापूर्वीच पाहावे. नव्या आर १२९ प्रमाणाच्या सीटमध्ये १५ महिन्यांपर्यंत बाळाला पाठमोरेच बसवावे लागते. भाड्याच्या गाडीबरोबर सीट मिळते, पण ती कोणत्या अवस्थेत मिळेल याची खात्री नसते. आम्हाला एकदा पट्ट्याचे कुलूप नीट न बसणारी सीट मिळाली आणि ती बदलून मिळेपर्यंत दोन तास विमानतळावर बसावे लागले. नातेवाईकांकडे चांगली सीट असेल तर तीच घ्यावी.

मूल कितीही रडत असले तरी धावत्या गाडीत त्याला मांडीवर घेऊ नये. पुढच्या थांब्याला थांबावे.

टोल आणि व्हिन्येट यांचे गणित कसे असते?

जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंड येथे महामार्गासाठी आधीच व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलपास, घ्यावे लागते. ते ऑनलाइन आणि फक्त अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण मध्यस्थ संकेतस्थळे जास्त पैसे आकारतात. स्वित्झर्लंडमध्ये अल्प मुदतीचे व्हिन्येट नसते, ४० फ्रँकचे वार्षिकच घ्यावे लागते. ऑस्ट्रियात व्हिन्येट असूनही ब्रेनरचा महामार्ग, टाउअर्न आणि कारावांकेन यांचा टोल वेगळा भरावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. इटली आणि क्रोएशियात बहुतेक ठिकाणी शिरताना तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना पैसे भरायचे असतात. ते तिकीट मुलांच्या हाती देऊ नये, कारण हरवले तर सर्वांत लांबच्या अंतराचे पैसे द्यावे लागू शकतात.

इटलीतील जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे क्रमांक टिपतात. दंडाचे पत्र कित्येक महिन्यांनी घरी येते. वेरोनासारख्या ठिकाणी गाडी बाहेरच लावून बसने आत जावे.

तंबू, मोटरहोम की मोबाइल होम?

पहिल्याच वर्षी मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात त्याचे भाडे फार असते, अरुंद गावांत ते वळवणे नवख्याला जड जाते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर दूध आणायलासुद्धा सगळे घर हलवावे लागते. भारतातून येणाऱ्यांना विमानात तंबू आणणे परवडत नसेल तर अनेक कॅम्पसाइटवर उभे करून ठेवलेले, पलंग आणि शेगडीसह तयार तंबू मिळतात. मोबाइल होम म्हणजे दोन-तीन छोट्या खोल्यांचे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले लाकडी किंवा पत्र्याचे घर. आजी-आजोबा बरोबर असतील तर हाच पर्याय घ्यावा, कारण रात्री दोनदा उठून अंधारात दोनशे पावले चालत स्वच्छतागृहापर्यंत जाणे त्यांना त्रासाचे होते, आणि आपली अडचण ते बोलून दाखवत नाहीत. आम्ही एका वर्षी मोबाइल होमच्या शेजारची जागा तंबूसाठी घेतली होती. आजी-आजोबा आत, मुले कधी इकडे कधी तिकडे, आणि स्वयंपाक एकत्र, अशी ती सर्वांत सुखाची सुटी झाली.

आरक्षण करताना काय पाहावे?

जुलै-ऑगस्टसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच आरक्षण करावे. कॅम्पसाइटचा नकाशा पाहून स्वच्छतागृहाच्या अगदी शेजारची जागा टाळावी, कारण तेथे रात्रभर दिवे आणि वर्दळ असते. फार दूरचीही घेऊ नये, कारण लहान मुलाला घाई होते तेव्हा ते अंतर फार वाटते. इटली आणि क्रोएशियात सावली आहे का हे नक्की विचारावे. दक्षिणेत सावलीविना तंबू सकाळी आठलाच भट्टीसारखा तापतो. विजेची क्षमताही विचारावी. ६ अँपिअरच्या जोडणीवर जेमतेम १,३५० वॉटच्या आसपासचे उपकरण चालते, म्हणजे घरची २,००० वॉटची किटली लावताच खटका पडतो. जोडणीसाठी निळ्या रंगाची तीन टोकांची विशेष पिन लागते, ती विकत घ्यावी किंवा कार्यालयातून भाड्याने मिळते का ते विचारावे.

दुपारी एक ते तीन या वेळेत बहुतेक ठिकाणी विश्रांतीची वेळ असते आणि अडसर बंद होतो. दीड वाजता पोहोचलात तर भुकेल्या मुलांसह बाहेर उन्हात थांबावे लागेल, तेव्हा त्याप्रमाणेच निघावे. रात्री दहानंतर शांतता पाळतात आणि ती खरोखरच पाळली जाते.

वाटेत कुठेही तंबू लावला तर चालतो का?

या मार्गावरील देशांत नाही. क्रोएशियात आणि इटलीत त्यासाठी मोठा दंड होतो. नॉर्वे, स्वीडन आणि स्कॉटलंड येथे काही अटींवर मोकळ्या जागी राहण्याचा हक्क आहे, पण तो वेगळा प्रवास आहे.

जेवणाचे काय? भारतातून काय आणता येते?

युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणण्यास बंदी आहे, आणि त्यात तूप, खवा, पनीर, चक्का हे सगळे येते. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला मर्यादित सूट आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि आंबेही रोपस्वास्थ्याच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाच फळे मात्र चालतात. भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, डाळी, सुके खोबरे आणि चटण्या आणण्यास अडचण येत नाही. तुपासाठी जर्मनीत आणि ऑस्ट्रियात कोणत्याही किराणा दुकानात बुटरश्माल्त्स मिळते. ते कढवलेले लोणीच असते आणि वरणभातावर मुलांना फरक कळत नाही.

आम्ही छोटा कुकर नेतो आणि दिवसाआड मुगाची खिचडी करतो. इतर दिवशी तिथलेच खावे, मुलांनी नवी चव घ्यावी हाही प्रवासाचा भाग आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत दूध, ब्रेड आणि फळे घेऊन ठेवावीत. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, आणि देशागणिक त्यांची बसणी वेगळी असते, त्यामुळे शेगडी आणि तिला बसणारी तीन-चार नळकांडी म्युनिकमध्येच एकाच दुकानातून घ्यावीत. तंबूच्या आत कधीही, पाऊस असला तरीही, शेगडी किंवा कोळशाची जाळी पेटवू नये. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या मुलांना जाग येत नाही.

रात्री मुलांना थंडी वाजते का?

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. फक्त हवा भरलेली गादी असेल तर आतली हवा गार होऊन पाठ गारठते, म्हणून तिच्याखाली किंवा वर फोमची चटई किंवा जाड सतरंजी घालावी. स्लीपिंग बॅगवर दोन तापमाने लिहिलेली असतात. त्यांपैकी मोठे असते ते आरामाचे, तेच पाहून खरेदी करावी. जूनमध्ये नऊ वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे पहिल्या दोन रात्री मुले झोपत नाहीत. अंथरुणात घेऊन गोष्ट सांगण्याचा नेम घरच्यासारखाच चालू ठेवला की तिसऱ्या रात्रीपासून ती सरळ झोपतात.

पाणी, गोचिडी आणि आजारपण यांबद्दल कोणती काळजी घ्यावी?

पाण्याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. सरोवराकाठी सगळीकडे जीवरक्षक नसतात. जर्मनीत मुलांना २५ मीटर पोहल्यावर जो समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो तो सुरुवातीचा आहे, आणि तेवढ्यावर मूल सुरक्षित पोहते असे तेथील जीवरक्षक संघटना मानत नाहीत. इस्त्रियाच्या खडकांत काटेरी समुद्रसाळू असतात, म्हणून पाण्यातले बूट घालावेत. इटलीतील बहुतेक पोहण्याच्या तलावांत (स्विमिंग पूलमध्ये) डोक्याला टोपी सक्तीची असते. गार्डावर दुपारी दक्षिणेकडून नियमित वारा सुटतो आणि फुगवलेली खेळणी मुलासह आत ओढली जातात, तेव्हा दुपारनंतर ती काठावरच ठेवावीत.

दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात गोचिडींमुळे मेंदूज्वर पसरतो. त्यावर लस आहे, पण तिचे डोस महिन्याच्या अंतराने घ्यायचे असल्याने हिवाळ्यातच डॉक्टरांशी बोलावे. गोचिडींमुळेच होणाऱ्या लाइम या आजारावर तशी लस उपलब्ध नाही, म्हणून रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी मुलांच्या काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची मुळे तपासावीत. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, तेल लावू नये, आणि जागेभोवती पेनाने वर्तुळ काढून तारीख लिहून ठेवावी. पुढील काही आठवड्यांत तेथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. तातडीच्या मदतीसाठी या सर्व देशांत ११२ हा क्रमांक आहे, आणि तो लावता येईल इतपत मोठ्या मुलांना कॅम्पसाइटचे नाव व आपल्या जागेचा क्रमांक पाठ करून घ्यावा.

चार दिवस पाऊसच लागला तर?

तंबू लावतानाच जागेचा उतार पाहावा. खोलगट भागात लावलेल्या तंबूखाली रात्री पाणी साचते, आणि हे आम्हाला पहाटे तीन वाजता ओल्या चादरींनी शिकवले. गार्डा आणि आल्प्सच्या दक्षिण उतारावर उन्हाळ्यात संध्याकाळी एकाएकी वादळ येते, म्हणून बाहेर जाताना छतासारखे ताणलेले कापड उतरवून ठेवावे. विजा कडाडू लागल्या की मुलांना घेऊन गाडीत बसावे. पावसाच्या दिवसांसाठी पत्ते, व्यापार आणि कोरी वही पुरते. तिसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही आणि पुढच्या मुक्कामी ऊन असेल तर कार्यालयात विनंती करून लवकर निघावे, अनेक ठिकाणी उरलेल्या रात्रींचे पैसे परत मिळत नाहीत तरीही.

ओला तंबू गुंडाळून आणलात तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, गॅलरीत किंवा जिन्याच्या कठड्यावर पसरून वाळवावा. तसाच पिशवीत राहिला तर आठवड्याभरात त्यावर काळी बुरशी धरते आणि ती पुन्हा निघत नाही.